खाऱ्या पाण्याचे भाडे

बांधकामावरचे लोक तिला हातोडीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर 'मॅडम'. पण ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवते न ठेवते तोच खालून कुणीतरी वरच्यांना हाक देई, "सांभाळा रे, हातोडीबाई वर येतायत, आता भिंतींना बोलतं करतील!" ही थट्टा तिच्या कानावर जात असे, आणि तिला ती मनातून आवडतही असे.

जुन्या इमारती अजून किती भरवशाच्या आहेत हे तपासणाऱ्या एका कंपनीत ती इंजिनिअर होती. तपासणीची यंत्रे कंपनीकडे होती, पण ती नंतर येत. पहिला निकाल कानाचा असे. कॉलमपाशी उभे राहून ती आधी बोटाच्या पेरांनी टकटक करी, मग लहान हातोडीने खालून वर, वीतभर अंतर ठेवत, एका रेषेत ठोके देई. भरीव काँक्रीटचा आवाज आखूड असतो, लागलीच संपतो. आत सळ्या गंजून फुगल्या असतील आणि वरचा थर सुटला असेल, तर आवाज क्षणभर रेंगाळतो. जिथे तो रेंगाळे तिथे ती निळ्या खडूने फुली मारी. हे तिला कंपनीच्या थोरल्या साहेबांनी शिकवले होते. त्यांचा एक दंडक होता: फुली मारताना मालकाच्या तोंडाकडे बघायचे नाही.

तरीही ती बघत असे. घरी येऊन नवऱ्याला सांगत असे, "मालकाच्या तीन पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी हसतो, मग चिडतो, मग चहा मागवतो. चहा आला की समजायचं, माणसाला पटलंय आणि त्याला ते नकोय."

नवरा दंतवैद्यांसाठी कवळ्या तयार करून देई. त्याचा कारखाना म्हणजे भाड्याच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. संसार मागच्या दोन खोल्यांत. दाराशी येणाऱ्याला पहिल्यांदा दिसत त्या फळीवर मांडलेल्या प्लास्टरच्या हिरड्या. तो म्हणे, "जगात आपलीच एक जोडी असेल, जी स्वतः भाड्याच्या घरात राहून दुसऱ्यांकडून भाडं घेते."

"आपण तिथे राहायला गेलो तर हप्ता कोण भरेल, तुमच्या कवळ्या?" ती विचारी.

हा संवाद त्या घरात वर्षानुवर्षे, शब्दही न बदलता, होत आलेला होता.

घरे घेण्याचा तिचा ध्यास समजून घ्यायचा तर तिच्या आईच्या भिंतींपर्यंत मागे जावे लागते. वडील छापखान्यात जुळारी होते आणि कुटुंब सतत घरे बदलत असे. कोणत्याही घरात आईने भिंतीला खिळा ठोकू दिला नाही. "भिंत आपली नाही," एवढेच ती म्हणे. आजोबांचा फोटो, आरसा, घड्याळ, सगळे जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेले. लहानपणी ती आरशात बघायला मांडी घालून बसे. घरमालकाच्या जाड तळव्याच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की आई बोलायची थांबे. पुढे आयुष्यभर भिंती ठोकण्याचेच काम तिने का निवडले, याचा संबंध कुणी या गोष्टीशी जोडला तर ती तो साफ नाकारते. "नोकरी मिळाली म्हणून केली," ती म्हणते. पण घरांविषयी ती असे म्हणत नाही. नोकरीत वर चढायचे आणि नोकरी संपेल त्या दिवसासाठी पायाखाली स्वतःच्या भिंती असायच्या, असे दोन्ही तिने विशीतच ठरवले होते. एकासाठी दुसरे सोडायची तिची तयारी नव्हती.

पहिला फ्लॅट तिने बस डेपोमागच्या गल्लीतल्या एका चार मजली इमारतीत घेतला. नवशिकी असताना तिनेच ती इमारत तपासली होती आणि तिथे खडू खिशातून काढायची वेळ आली नव्हती. काही वर्षांनी त्याच मजल्यावरचा समोरचा फ्लॅट विकायला निघाला, तो घेतला. आणखी काही वर्षांनी पहिल्या फ्लॅटच्या बरोबर खालचे तळमजल्यावरचे दुकान घेतले. ऑफिसात तिने हे कुणाला सांगितले नव्हते. घरच्यांपैकी एकट्या धाकट्या दिराने विचारले होते, "वहिनी, सगळं एकाच इमारतीत? उद्या काही झालं तर?"

"बाकीच्या इमारती मी आतून ऐकल्यात रे भाऊजी," ती म्हणाली होती, "म्हणूनच तिथे पैसे घालत नाही. ही एकटीच गप्प आहे."

दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाने ही चूक केली नसती. त्याने भीतीपोटी का होईना, दोन ठिकाणी पाय ठेवला असता. तिला भीती नव्हती, कारण तिच्याकडे स्वतःचा निकाल होता. आणि स्वतःचा निकाल पुन्हा तपासायचा असतो, हे ती फक्त इतरांना सांगत असे.

दुकान एका शोभेचे मासे विकणाऱ्याला दिले होते. आधी त्याच्याकडे साधे, गोड्या पाण्यातले मासे होते. पुढे त्याने फोन केला: समुद्रातले मासे ठेवायचे आहेत, मोठ्या टाक्या लागतील, परवानगी द्यावी; भाडे दीडपट देईन. हा फोन आला तेव्हा ती कुणाच्या तरी गच्चीवर उभी होती, हातात हातोडी, समोर चिडलेला मालक, आणि महिनाभरावर वरच्या पदाची परीक्षा. ती "चालेल" म्हणाली. मीठ सळ्यांचे काय करते हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. खारे पाणी काँक्रीटमध्ये मुरले की लोखंड आतल्या आत फुगते, हे वाक्य ती दर आठवड्याला कुणाला तरी ऐकवत असे. पण पाणी काचेच्या टाकीत राहणार होते, आणि दुकानाच्या मधोमध असलेला कॉलम तिने स्वतः ऐकला होता. "पुढच्या महिन्यात येऊन बघून जाते," असे ती म्हणाली. ते बघायला जाणे पुढच्या महिन्यातून त्याच्या पुढच्या महिन्यात सरकत राहिले. परीक्षा झाली, बढती मिळाली, कामे वाढली. भाडे मात्र दर महिन्याला वेळेवर येत होते, आणि भाडे वेळेवर येते म्हणजे इमारत ठीक आहे, असा एक समज नकळत तयार होत गेला.

थोरल्या साहेबांनी निवृत्तीची गोष्ट काढली त्या वर्षी ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. कंपनीची सूत्रे कुणाकडे जाणार, हे ठरवायला भागीदारांची बैठक एका सोमवारी ठेवलेली होती. नावे दोन: एक तिचे, दुसरे एका सहकाऱ्याचे, जो सिमेंटच्या धुळीतही टाय बांधून येई आणि म्हणून ज्याला सगळे टायसाहेब म्हणत. साहेबांचा कल तिच्याकडे आहे हे चहा देणाऱ्यालाही माहीत होते.

कंपनीत एक नियम होता, आणि तो साहेबांनी कधी कुणासाठी वाकवला नव्हता. ज्या इमारतीत आपला पैसा आहे तिथे आपण हातोडी लावायची नाही, आणि तिथे पैसा आहे हे आधी सांगायचे. डेपोमागची गल्ली कंपनीच्या कामात इतकी वर्षे पुन्हा आलीच नव्हती. आता ती आली: नगरपालिकेने तिथल्या सगळ्या जुन्या इमारतींची तपासणी कंपनीकडे सोपवली. काम पुढच्या महिन्यात सुरू होणार होते. तिने ठरवले, सोमवारची बैठक होऊन जाऊ दे, मग सांगू. याला ती आजही लपवणे म्हणत नाही. "उशीर म्हणा," असे तिचे म्हणणे आहे.

बैठकीच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी पहिल्या फ्लॅटमधल्या भाडेकरूचा फोन आला. हे निवृत्त बस ड्रायव्हर. बायकोसह कित्येक वर्षे तिथे राहत होते आणि गल्लीत त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत.

"ताई, दार रुसलंय," ते म्हणाले. "लागतच नाही. माहेरी जायचं म्हणतंय."

"सुताराला बोलवा ना काका."

"दोनदा बोलावला. रंधा मारून मारून दाराचा पापड केला त्यानं. आठ दिवस बरं चालतं, की पुन्हा फुगून बसतं."

दोनदा, हे ऐकून ती फाइल मिटून उठली.

दार खरोखरच लागत नव्हते. वरच्या बाजूला, बिजागरीच्या कोपऱ्यात, दार आणि चौकट यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती आणि समोरच्या कोपऱ्यात दार चौकटीला घासत होते. म्हणजे दार फुगले नव्हते. चौकट काटकोनात राहिली नव्हती. चौकट आपणहून वाकत नाही. तिच्याखालची जमीन एका अंगाला उतरावी लागते. उंबरठ्यापासून मोरीपर्यंत फरशीला एक बारीक तडा गेला होता, आणि काकूंनी त्यावर पायपुसणे टाकले होते.

"लाकूड फुगलंय," ती म्हणाली.

"मी म्हटलंच होतं हिला! ही म्हणते घर खचतंय. अगं, तू बसलीस की खचतंच ते!"

"बसले तुमच्याच घरात," काकू आतून म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी बसवून घेतलं असतं तर बरं झालं असतं." मग बाहेर येऊन तिला म्हणाल्या, "रविवारी या हं ताई. नातीचा वाढदिवस आहे. लेक, जावई, जावयाकडची सगळी मंडळी येणारेत. घर भरून जाईल."

ती खाली उतरली. दुकानात निळा उजेड होता आणि पंपांची घरघर. मध्यावरचा कॉलम तिला ओळखू आला नाही. मासेवाल्याने त्याला खालपासून वरपर्यंत शिंपल्यांच्या चित्रांच्या टाइल्स लावल्या होत्या आणि चारही बाजूंनी टाक्या रचल्या होत्या. "गिऱ्हाइकाला समुद्रात आल्यासारखं वाटलं पाहिजे," तो अभिमानाने म्हणाला. त्याने टाइल्स का लावल्या हेही सांगितले: प्लास्टर सारखे ओले व्हायचे, पोपडे पडायचे, दिसायला वाईट.

तिने टाइलवर पेरांनी टकटक केली. आवाज रेंगाळला. टाइलचा आवाज असतोच पोकळ, तिने स्वतःला सांगितले. त्यावरून काही ठरत नाही. हे वाक्य तिने शेकडो मालकांच्या तोंडून ऐकले होते. ती खाली वाकली. टाकीच्या लोखंडी घोडीमागे, जमिनीलगत, एक टाइल निखळली होती. आत तपकिरी ओघळ होते. तिने बोट घातले, तेव्हा काँक्रीटचा एक पापुद्रा चहात भिजलेल्या बिस्किटासारखा तिच्या हातात आला. त्याच्यामागे सळई असायला हवी होती. तिथे गंजाची भुकटी आणि बोटभर जाडीची आठवण उरली होती.

पुढे काय झाले ते मासेवाल्याने सांगितले आहे, आणि त्याला या गोष्टीत काही विशेष आहे याची कल्पना नव्हती. "मॅडम आधी हसल्या," तो म्हणाला. "मग पंपाच्या गळतीवरून मला खूप बोलल्या. मग म्हणाल्या, चहा मिळेल का?"

शनिवारी जेवताना तिने नवऱ्याला सांगितले. त्याच्या आठवणीनुसार ती कॉलमबद्दल एका दमात बोलली, जणू कुणा दुसऱ्याच्या इमारतीचा अहवाल देते आहे, आणि मग पोळीचा तुकडा हातात धरून तशीच बसून राहिली.

"किती टिकेल?" त्याने विचारले.

"ते कुणालाच सांगता येत नाही. वर्षंही टिकेल. इतकी वर्षं उभाच होता ना?"

"मला इंजिनिअर सांगतेय की घरमालकीण?"

"अहो, नीट ऐका तरी. आज सांगितलं तर इमारत रिकामी करतील. दोन्ही फ्लॅट गेले, दुकान गेलं, भाडं बंद आणि हप्ते चालूच. आणि मला विचारतील, तुझी मालकी आहे हे आधी का नाही सांगितलंस? सोमवारी ती खुर्चीही गेली. सगळं एका दिवसात. बैठक अकरा वाजता आहे. बारा वाजता मी स्वतः टेकू लावायला माणसं पाठवते. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. भार तोच आहे, कॉलम तोच आहे."

तो म्हणाला, "मी दात करतो गं. माझं चुकलं तर माणूस फार तर बोबडं बोलतो."

त्यावर तिने ताट उचलले. मोरीत भांडी वाजत होती आणि प्रत्येक आवाजासरशी ती थांबत होती, असे तो सांगतो. एक पातेले तिने दोनदा बोटाने वाजवून पाहिले.

तिच्या हिशेबात चूक नव्हती, आणि हेच त्या हिशेबाचे भयंकरपण होते. भार बदलला नाही तर असा कॉलम दोन दिवसांत सहसा दगा देत नाही. हे कोणत्याही इंजिनिअरने मान्य केले असते. फक्त रविवारी भार बदलणार होता, आणि ते तिला शुक्रवारीच, आमंत्रणासह, कळले होते. ही गोष्ट तिला केव्हा आठवली, याबद्दल दोघांचे एकमत नाही. ती म्हणते, रविवारी जेवल्यावर, एकाएकी. नवरा म्हणतो, शनिवारी दुपारीच तिने कपाटातून भेट द्यायला रंगपेटी काढून ठेवली होती. रंगपेटी होती, एवढे खरे. बाकीचे कुणाला सिद्ध करता येणार नाही.

रविवारी उतरत्या दुपारी ती गल्लीत पोहोचली. ऊन स्वच्छ होते. समोरच्या गॅरेजमध्ये कुणी रेडिओ ऐकत होते. इमारत नेहमीसारखी उभी होती, बाल्कन्यांत कपडे वाळत होते, आणि हे नेहमीसारखे असणेच तिला पाहवेना. दुकानाचे शटर अर्धे उघडे होते. मासेवाला टाकीसमोर उकिडवा बसला होता.

"बरं झालं आलात मॅडम. वर जाऊन त्या पोरांना जरा सांगा. नाचतायत मघापासून. मासे बघा कसे घाबरलेत."

पिवळे मासे सगळे एका कोपऱ्यात, एकमेकांत अंग घालून, चिकटले होते. टाकीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळे उठत होती, विरत होती, पुन्हा उठत होती. वरून पायांचा आवाज येत होता: बरीच छोटी पावले, एकाच तालावर. तिने कॉलमवर तळहात ठेवला. टाइल गार होती. प्रत्येक उडीबरोबर हाताला काहीतरी जाणवत होते, किंवा जाणवते आहे असे वाटत होते. या दोहोंतला फरक ओळखण्यासाठीच तिला आयुष्यभर पगार मिळाला होता, आणि आता तो तिला ओळखू येत नव्हता.

ती जिना धावत चढली.

दार उघडेच होते. लागत नव्हतेच ते. आत फुगे, खुर्च्या, भिंतीशी ओळीने बसलेल्या बायका, मध्ये उड्या मारणारी मुले. "आल्या, आल्या!" काकू म्हणाल्या. "बसा ताई, सरबत घ्या."

"गाणं बंद करा," ती म्हणाली. "काकू, सगळ्यांना खाली घेऊन चला. आत्ता. सावकाश, धावू नका. एकेक करून."

कुणीतरी गाणे बंद केले. सगळे तिच्याकडे पाहू लागले. "खाली काय आहे?" एका मुलाने विचारले.

"ही इमारत धोक्याची आहे. खालचा कॉलम गेलाय."

काकांचा जावई हसला. तो एका बँकेत कारकून होता आणि अशी प्रकरणे रोज पाहत असे. "बाई, तुम्ही या घराच्या मालकीण ना?"

"हो."

"मग बरोबर. ही युक्ती आम्हाला नवीन नाही. इमारत पडायला आलीय म्हणायचं, भाडेकरू बाहेर काढायचे, पाडून नवीन बांधायचं. माझ्या मामाला असाच बाहेर काढला, ती इमारत अजून उभी आहे. निदान केक तरी कापू द्यायचा होतात."

"डिपॉझिट खालीच परत देणार का?" खुर्चीवरून कुणीतरी विचारले, आणि हशा पिकला.

"मी इंजिनिअर आहे हो. हेच काम करते मी."

"मग शुक्रवारी लाकूड फुगलंय का म्हणालात?" हा प्रश्न ड्रायव्हरकाकांचा होता. ते हसत नव्हते. "दोन दिवसांत कॉलम गेला? इतकी वर्षं गाडी चालवली ताई मी. ब्रेक असे दोन दिवसांत जात नाहीत. जातायत हे आधी कळतं."

हजारो भिंतींविषयी तिचा शब्द लोकांनी मानला होता. या एका खोलीत त्याला काडीची किंमत नव्हती, कारण इथे ती मालकीण होती. मुले पुन्हा चुळबुळ करू लागली. एका पोराने जागच्या जागी उडी मारून पाहिली, खरेच पडते का म्हणून, आणि कपाटातल्या कपबशा किणकिणल्या. तिने फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला.

"साहेब, मी बोलतेय. झोपला होतात का?"

"रविवारी आणखी काय करणार? बोल."

"एक कॉलम ऐकायला यायचंय तुम्हाला. डेपोमागची गल्ली. तळाशी सळईच उरलेली नाही. खारं पाणी मुरलंय."

"आपलं काम तर पुढच्या महिन्यात आहे तिथे. इमारत कुणाची?"

खोलीतला प्रत्येक माणूस तिच्याकडे पाहत होता.

"माझी."

"तुझी म्हणजे तुझ्याकडे सोपवलेली?"

"नाही साहेब. मालकीची. दोन फ्लॅट आणि खालचं दुकान. खाऱ्या पाण्याच्या टाक्यांना मीच हो म्हटलं होतं. कॉलम परवा बघितला. सोमवार उलटेपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं होतं."

साहेबांनी एकच विचारले, "आत्ता वर किती माणसं आहेत?"

"घर भरलंय."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीयस? उतरव त्यांना!"

आधी जावई उठला. त्याने मुलीला कडेवर घेतले. त्याच्यामागे सगळे उठले. धोका आहे एवढेच सांगून जे खोटे वाटले होते, ते तिने स्वतःचे नुकसान मोठ्याने बोलून दाखवताच खरे ठरले. जिन्यात गर्दी झाली, एक म्हातारी चप्पल शोधत थांबली, काकू केक घेऊन उतरल्या आणि मग तो ठेवायला जागा नसल्यामुळे तो हातात धरूनच रस्त्यावर उभ्या राहिल्या. ती एकेका मजल्यावर जाऊन दारे ठोठावत होती. ठोठावताना तिची बोटे आपोआप लाकडावरून भिंतीवर सरकत होती.

साहेब आले. त्यांनी दुकानातल्या टाइल्स फोडल्या, आतल्या काँक्रीटवर हातोडी फक्त एकदा वाजवली, आणि खिशातला खडू काढून तिच्यापुढे धरला. "खूण तू कर."

तिने फुली मारली. या वेळी मालकाच्या तोंडाकडे साहेब बघत होते.

दिवस मावळायच्या आत लोखंडी टेकू लागले आणि इमारत रिकामी झाली. सोमवारची बैठक ठरल्या वेळी भरली. त्याआधी साहेबांनी तिला आत बोलावले, आणि त्यांच्यातले बोलणे तिने स्वतः सांगितले आहे, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी. कारण ते तिच्या बाजूचे नाही.

"शुक्रवारी तुला कळलं," साहेब म्हणाले. "फोन केलास रविवारी. शनिवारी तू कोण होतीस? भागीदारांना काय सांगू?"

"सांगा, शनिवारी मालकीण होते."

सूत्रे टायसाहेबांकडे गेली. ती अजून त्याच कंपनीत आहे, त्याच हातोडीसह. नव्या प्रमुखाशी तिचे बरे चालते. पुढे इमारत पाडली गेली. ती जागा रिकामी आहे, आणि दुकानाचे हप्ते अजून सुरू आहेत. ती त्या जागेवर पुन्हा बांधून श्रीमंत होणार असे गल्लीत अजून बोलले जाते. तसा काही पुरावा सापडत नाही, पण तसे कधीच होणार नाही असेही कुणी लिहून देऊ शकत नाही. त्या रविवारी इमारत पडली असती का, हेही कधी कळणार नाही. ती पडली नाही, एवढेच खरे. न पडल्यामुळे आपला निकाल सिद्ध झाला नाही, याची तिला खंत आहे का, असे विचारले तेव्हा ती घाबरून म्हणाली, "असलं काही विचारू नका."

ड्रायव्हरकाका आता गावाबाहेरच्या एका नव्या इमारतीत लेकीजवळ राहतात. त्यांनी तिला चहाला बोलावले होते. ती बसण्याआधीच ते म्हणाले, "मी अजून निम्मंच मानतो हं, ताई. निम्मा जावयाच्या बाजूनं आहे."

"चालेल काका."

"हे बघा मात्र." त्यांनी बाहेरचे दार उघडले आणि सोडून दिले. दार आपणहून, अलगद, लागले. "लागतं."

ती हसली. मग उठून दारापाशी गेली, आणि चहा निवेपर्यंत ते पुन्हापुन्हा उघडून लावत राहिली.